एक लाट, दोन करार

२००५ सालच्या पावसाळ्यात हिंदी महासागराच्या दोन किनाऱ्यांसाठी दोन कागदांवर सह्या झाल्या. पहिला कागद श्रीलंकेचा, तारीख २४ जून. सरकारतर्फे मदत आणि पुनर्वसन मंत्रालयाचे सचिव एम. एस. जयसिंघे यांनी सही केली, तमिळ बंडखोरांच्या लिट्टे संघटनेतर्फे तिच्या नियोजन विभागाच्या शण्मुगलिंगम रंजन यांनी. राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा यांची सही त्यावर नव्हती आणि लिट्टेचा प्रमुख वेलुपिल्लै प्रभाकरन याचीही नव्हती. कराराचा विषय तसा बेताचाच होता. त्सुनामीनं उद्ध्वस्त केलेल्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर आलेली मदत कोणी आणि कशी वाटायची, एवढंच त्यात ठरवलेलं होतं.

दुसरा कागद इंडोनेशियातल्या आचे प्रांताचा, तारीख १५ ऑगस्ट, ठिकाण हेलसिंकी. इंडोनेशियाचे कायदामंत्री हमीद अवालुद्दीन आणि ‘गाम’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आचे मुक्ती चळवळीचे मलिक महमूद यांनी शेजारी बसून सह्या केल्या. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी. हजारो मैलांवर बांदा आचे शहरात, लाटेच्या तडाख्यातून उभ्या राहिलेल्या बैतुर्रहमान मशिदीत जमलेल्या लोकांनी मोठ्या पडद्यावर तो सोहळा पाहिला.

पहिला करार तीन आठवड्यांत न्यायालयात अडकला आणि कधीच अमलात आला नाही. चार वर्षांत श्रीलंकेत त्याच किनाऱ्यावर युद्धाचा सर्वांत भीषण शेवट झाला. दुसरा करार आजही टिकून आहे. लाट एकच होती, २६ डिसेंबर २००४ ची. दोन्हीकडे दशकांची यादवी होती, आधी फसलेल्या वाटाघाटी होत्या, आणि मदतीला धावलेली राष्ट्रंही बरीचशी तीच होती. जपान, अमेरिका, युरोपीय संघ, जागतिक बँक ही नावं दोन्ही कहाण्यांत येतात.

मग फरक कुठे पडला? ‘लाटेनं आचेत शांतता आणली’ असं अनेकदा म्हटलं जातं. ते मला पटत नाही. लाट श्रीलंकेतही तितक्याच निष्ठुरपणे आली होती. माझं म्हणणं असं की आचेत राजकीय तहाची बोलणी आणि मदतीची व्यवस्था या दोन गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर, पण एकाच वेळी चालल्या. श्रीलंकेत तहाचं टेबल दीड वर्षापूर्वीच ओस पडलं होतं, आणि त्याचा सगळा भार पिठाच्या पोत्यांवर, होड्यांवर आणि घरबांधणीच्या निधीवर येऊन पडला. तो भार मदतीला पेलणारा नव्हता.

*

श्रीलंकेची गोष्ट लाटेच्या जवळपास तीन वर्षं आधी सुरू होते. २२ फेब्रुवारी २००२ रोजी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे आणि प्रभाकरन यांच्यात शस्त्रसंधी झाली. नॉर्वेनं ती घडवून आणली. एरिक सोल्हाइम आणि विदार हेल्गेसेन ही नावं तेव्हा रोजच्या बातम्यांत असायची. शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायला पाच नॉर्डिक देशांचं निरीक्षक पथक आलं. सप्टेंबर २००२ पासून सहा महिन्यांत बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या. डिसेंबरात ओस्लोमध्ये दोन्ही बाजूंनी संघराज्याचा पर्याय तपासून पाहायचं मान्यही केलं. लिट्टेसारख्या संघटनेकडून तेवढं येणं ही मोठी गोष्ट होती.

याच सुमाराला देणगीदार राष्ट्रांच्या मनात एक विचार मूळ धरत होता. लोकांना शांततेचं फळ लवकर हाती दिसलं तर शांतता टिकेल, म्हणून पैसा आधी आणावा. त्यासाठी एप्रिल २००३ मध्ये वॉशिंग्टनला तयारीची बैठक ठरली. अमेरिकेच्या दहशतवादी संघटनांच्या यादीत लिट्टे असल्यामुळे तिला त्या बैठकीला बोलावता आलं नाही. ज्या प्रदेशाच्या पुनर्बांधणीची चर्चा होणार होती, त्यातल्या मोठ्या भागावर बंदुकीच्या जोरावर का होईना, पण सत्ता चालवणारी संघटनाच बाहेर राहिली. २१ एप्रिलला लिट्टेनं बोलणी थांबवली. तिच्या तक्रारी आणखीही होत्या, पण वॉशिंग्टनचं निमित्त तिला देणगीदारांनीच दिलं.

तरीही जूनमध्ये टोकियोची परिषद झालीच. ५१ देश आणि २२ आंतरराष्ट्रीय संस्था जमल्या आणि चार वर्षांसाठी ४.५ अब्ज डॉलरची आश्वासनं दिली गेली. जपान, युरोपीय संघ, अमेरिका आणि नॉर्वे हे सहअध्यक्ष झाले. जपानचे विशेष दूत यासुशी आकाशी यांच्या कोलंबो आणि लिट्टेच्या ताब्यातल्या किलिनोच्चीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मदतीचा ओघ शांतता प्रक्रियेच्या प्रगतीशी जोडलेला राहील, असं टोकियोच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं होतं. ती अट फार काळ कोणी पाळली नाही. श्रीलंकेला सर्वांत जास्त पैसा देणारे तिघे म्हणजे जपान, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक. त्यांचं काम कर्ज देण्याचं होतं आणि ते चालूच राहिलं. अट घालणारे एक आणि पैसा देणारे दुसरे असले की अटीचा धाक कोणालाच वाटत नाही. लिट्टेला ती अट आपल्यावर टाकलेला फास वाटली, तर दक्षिणेतल्या सिंहली पक्षांना ती परकी ढवळाढवळ वाटली.

त्यानंतरची पडझड झपाट्यानं झाली. २००३ च्या अखेरीस लिट्टेनं अंतरिम स्वशासनाचा मसुदा मांडला आणि चारच दिवसांत कुमारतुंगांनी विक्रमसिंघे सरकारची संरक्षण, गृह आणि माहिती ही तीन खाती काढून घेतली. एप्रिल २००४ च्या निवडणुकीत शांतता प्रक्रियेला कडाडून विरोध करणाऱ्या जनता विमुक्ती पेरामुनाचे ३९ खासदार निवडून आले आणि सरकार त्यांच्या टेकूवर उभं राहिलं. पूर्वेत लिट्टेचा सेनापती करुणा फुटला. २७ नोव्हेंबर २००४ च्या हुतात्मादिनाच्या भाषणात प्रभाकरननं पुन्हा लढ्याकडे वळण्याचा इशारा दिला. लाट आली ती त्यानंतर महिन्याभरात.

आचेत परिस्थिती वरवर पाहता याहूनही वाईट होती. हसन दि तिरो यांनी १९७६ मध्ये गामची स्थापना केली. नेतृत्व पुढे स्वीडनमध्ये निर्वासित झालं आणि लढाई डोंगरात चालत राहिली. तीन दशकांत अंदाजे १५ हजार माणसं मेली. डिसेंबर २००२ मध्ये जिनिव्हात युद्धबंदी झाली, पण सहा महिनेही टिकली नाही. मे २००३ मध्ये जाकार्तानं लष्करी कायदा पुकारला, गामच्या वाटाघाटी करणाऱ्या प्रतिनिधींनाच तुरुंगात टाकलं, आणि परदेशी संस्थांना प्रांताचं दार बंद केलं. लाटेच्या आदल्या दिवशी आचेत परदेशी मदत संस्था जवळपास नव्हत्याच.

एक गोष्ट मात्र बंद दाराआड चालू होती. ऑक्टोबर २००४ मध्ये सुसिलो बांबांग युधोयोनो राष्ट्राध्यक्ष आणि युसुफ काल्ला उपराष्ट्राध्यक्ष झाले. काल्ला यांनी आपल्या विश्वासातल्या फरीद हुसेन यांच्यामार्फत गामशी गुप्त संपर्क आधीपासूनच सुरू ठेवला होता. इंडोनेशियात राहिलेल्या युहा क्रिस्टेन्सेन या फिनिश व्यावसायिकानं अहतिसारींपर्यंत धागा नेला. लाट येण्याआधीच हेलसिंकीच्या बैठकीची जुळवाजुळव सुरू झालेली होती. गाम रणांगणात थकली होती आणि जाकार्तातलं नवं सरकार ताज्या कौलानं आलेलं होतं. हे लक्षात न घेता आचेच्या शांततेचं श्रेय समुद्राला देणं म्हणजे त्या माणसांच्या कष्टांवर पाणी फिरवणं आहे.

*

२६ डिसेंबरची सकाळ. सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. आचेच्या किनाऱ्यावर लाटा अर्ध्या तासाच्या आत पोचल्या. इंडोनेशियात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ६७ हजार माणसं गेली, जवळजवळ सगळी आचेमधली. श्रीलंकेत लाट दोन तासांनी पोचली. त्या दिवशी पौर्णिमा होती, बौद्धांचा पोया, सुट्टीचा दिवस. गॉलजवळ पेरालिया इथे गर्दीनं भरलेली ‘समुद्रदेवी’ ही गाडी लाटेनं रुळांवरून उचलली आणि त्या एका ठिकाणी हजाराहून कितीतरी जास्त माणसं बुडाली. देशभरात सुमारे ३५ हजार मृत्यू झाले. सर्वाधिक बळी पूर्वेकडच्या अंपारा जिल्ह्यात गेले, दहा हजारांहून अधिक.

भारताचा स्वतःचा तमिळनाडूचा आणि अंदमान-निकोबारचा किनारा मोडून पडलेला असतानाही नौदलाची जहाजं श्रीलंकेला ‘ऑपरेशन रेनबो’खाली दुसऱ्याच दिवशी पोचली. पुढे इंडोनेशियासाठी ‘ऑपरेशन गंभीर’ सुरू झालं. आयएनएस निरूपक या सर्वेक्षण जहाजाचं रुग्णालय करून ते आचेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या म्युलाबोला पाठवण्यात आलं. म्युलाबो तेव्हा रस्त्यानं जगापासून तुटलेलं होतं.

पहिल्या आठवड्यांत दोन्हीकडे माणुसकीनं बंदुकीला मागं सारलं. गामनं लगेच एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. श्रीलंकेत दक्षिणेतल्या सिंहली गावांमधून अन्नाच्या गाड्या तमिळ भागांकडे निघाल्या. सैनिक आणि लिट्टेची माणसं एकाच किनाऱ्यावर प्रेतं उचलताना दिसली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना युद्ध संपल्यासारखंच वाटलं असेल. पण जानेवारीतच संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान श्रीलंकेला आले तेव्हा सरकारनं त्यांना लिट्टेच्या ताब्यातल्या भागात जाऊ दिलं नाही. लाटेत उद्ध्वस्त झालेल्यांना भेट देण्यालाही राजकीय मान्यतेचा अर्थ लागायला लागला होता.

पैशाचा पूर आला तो असा की त्याआधी कोणी पाहिला नव्हता. सरकारी आणि खासगी मिळून जगभरातून १३ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची आश्वासनं आली. मदतकार्याचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांच्या गटानं नंतर हिशेब केला. त्सुनामीग्रस्त माणसामागे ७,१०० डॉलरहून अधिक पैसा उपलब्ध झाला होता, तर त्याच वर्षी बांगलादेशातल्या पूरग्रस्तामागे प्रत्यक्ष खर्च झाले होते ३ डॉलर. या आकड्यांसमोर मी दर वेळी थांबतो. पर्यटकांनी टिपलेली दृश्यं, नाताळाचा आठवडा, मेलेल्यांमध्ये कितीतरी युरोपीय माणसं, अशी कारणं सांगता येतात. कारणं सांगून अन्याय कमी होत नाही.

*

एवढा पैसा श्रीलंकेत द्यायचा कोणाला? दक्षिणेत प्रश्न नव्हता, तिथे सरकार होतं. उत्तर-पूर्वेत किनाऱ्याचे काही तुकडे सरकारकडे, काही लिट्टेकडे, आणि बरेचसे दिवसा एकाचे, रात्री दुसऱ्याचे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेनं महाराष्ट्र सरकारला कर्ज दिलं आणि गावं नव्यानं वसली. त्या पुनर्वसनावर टीका झाली, तरी सही कोणाची चालेल हा प्रश्न कधी आला नाही. लिट्टेच्या ताब्यातल्या मुल्लैतिवूत पहिला प्रश्न तोच होता.

त्याचं उत्तर म्हणून त्सुनामीनंतरच्या कामांची संयुक्त व्यवस्था ठरवायला नॉर्वेच्या मध्यस्थीनं बोलणी सुरू झाली. सहा महिने घोळ चालला. अखेर जूनमध्ये ठरलेली रचना तीन मजल्यांची होती. वर तीन सदस्यांची उच्चस्तरीय समिती, त्यात सरकार, लिट्टे आणि मुस्लिम यांचा एकेक माणूस. खाली सहा जिल्ह्यांच्या समित्या. मधली प्रादेशिक समिती सगळ्यात महत्त्वाची. दहा सदस्य, त्यात पाच लिट्टेचे, तीन मुस्लिमांचे, दोन सरकारचे. अध्यक्ष लिट्टेचा. अल्पसंख्य सदस्यांच्या हिताला बाधा येईल असा निर्णय झाला तर त्यासाठी दहापैकी सात मतांची अट. कार्यक्षेत्र किनाऱ्यापासून दोन किलोमीटर. पैसा येणार होता एका प्रादेशिक निधीतून, आणि तो निधी जागतिक बँक सांभाळणार होती.

रचना विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य करायला हवं. तिच्यात मुस्लिमांना जागा होती, नकाराधिकार होता, हिशेबासाठी तिसरा पक्ष होता. पण वाचणाऱ्यांनी ती मदतवाटपाची योजना म्हणून वाचलीच नाही. समितीची बैठक किलिनोच्चीत भरणार, म्हणजे लिट्टेच्या राजधानीला मान्यता. अध्यक्ष लिट्टेचा, म्हणजे अंतरिम स्वशासन मागच्या दारानं. निधी वेगळा, म्हणजे वेगळ्या तिजोरीची सुरुवात. लिट्टेच्या बाजूनंही वाचन असंच होतं, फक्त त्याच ओळी तिथे आशेनं वाचल्या जात होत्या. दोन वर्षं बंद पडलेल्या राजकीय बोलण्यांतला प्रत्येक प्रश्न या छोट्या करारात येऊन बसला, कारण बसायला दुसरी जागाच उरली नव्हती.

कोलंबोत बौद्ध भिक्षू रस्त्यावर उतरले. कँडीत ओमल्पे सोबिता या खासदार भिक्षूंनी आमरण उपोषण केलं. १६ जूनला जनता विमुक्ती पेरामुना सरकारमधून बाहेर पडली आणि कुमारतुंगांचं सरकार अल्पमतात गेलं. तरी त्यांनी करार केला. त्यांच्या राजकीय आयुष्यातल्या अनेक निर्णयांवर टीका करता येईल, पण या एका निर्णयाची किंमत ठाऊक असून त्यांनी तो घेतला.

दोन जागी मात्र करार आतूनच कच्चा होता.

पहिली जागा मुस्लिमांची. अंपारा जिल्ह्यातल्या कल्मुनाई आणि आसपासच्या मुस्लिम वस्त्यांनी लाटेचा भयंकर मार खाल्ला होता. करारात त्यांना जागा दिली, पण करार करताना बोलणी झाली सरकार आणि लिट्टे यांच्यातच. मुस्लिमांची सही त्यावर नव्हती. ही केवळ शिष्टाचाराची चूक नव्हती. १९९० मध्ये लिट्टेनं उत्तरेतल्या सगळ्या मुस्लिमांना काही तासांच्या मुदतीत घरांतून हाकललं होतं. पंधरा वर्षं झाली तरी पुत्तलमच्या छावण्यांत त्यांची मुलं वाढत होती. त्या लोकांना सांगण्यात येत होतं की तुमच्या घराचे पैसे आता लिट्टेचा अध्यक्ष असलेली समिती देईल. शांततेच्या घाईत सर्वांत अशक्त पक्षाला गृहीत धरण्याची ही खोड फक्त श्रीलंकेची नाही, पण श्रीलंकेत ती फार ठळक दिसली.

दुसरी कच्ची जागा देणगीदारांची स्वतःची. ज्या सहअध्यक्षांनी कराराला पाठिंबा दिला, त्यांतल्या अमेरिकेला स्वतःच्या कायद्यानुसार लिट्टे बसलेल्या समितीच्या निधीत थेट एक डॉलरही घालता येत नव्हता. २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या बैठकीत जी अडचण आली, तीच २००५ मध्ये किलिनोच्चीच्या समितीत आली. मधल्या दोन वर्षांत या प्रश्नावर देणगीदारांनी तोडगा शोधलेला नव्हता. निधीला नाव होतं, जागतिक बँकेचं छत्र होतं, पण त्यात मोठ्या प्रमाणात पैसा घालायला कोणी सज्ज नव्हतं.

१५ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं पेरामुनाच्या खासदारांच्या अर्जावर अंतरिम आदेश दिला आणि किलिनोच्चीतली बैठकीची जागा, प्रादेशिक निधी अशा कळीच्या कलमांना स्थगिती मिळाली. जागा नाही आणि पैसा नाही, मग समिती तरी कसली. ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामर यांची हत्या झाली. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत महिंदा राजपक्षे यांनी, हा करार रद्द करण्याचं वचन देऊन, ५०.२९ टक्के मतांनी विजय मिळवला. उत्तरेतल्या तमिळांना लिट्टेनं मतदानापासून रोखलं होतं. ती मतं पडली असती तर निकाल बहुधा उलटा लागला असता. आपल्या लोकांसाठी आलेल्या मदतीच्या करारावर लिट्टेनं स्वतःच असा शेवटचा घाव घातला.

दरम्यान किनाऱ्यावर घरं बांधणं सरकारच्याच नियमात अडकलं होतं. दक्षिणेत आणि पश्चिमेत समुद्रापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, उत्तरेत आणि पूर्वेत मात्र २०० मीटर. धोक्याचं कारण सांगितलं गेलं. पूर्वेतल्या मच्छीमाराला त्यात दुसरंच काही दिसलं तर त्याला दोष देववत नाही. नियम पुढे सैल झाला, पण तोवर राहुट्यांमध्ये एक वर्ष गेलं होतं.

*

आचेच्या बोलण्यांची पहिली फेरी २७ जानेवारी २००५ ला भरली, लाटेनंतर महिन्याभरानं, हेलसिंकीबाहेरच्या एका जुन्या वाड्यात. अहतिसारींनी दोन्ही बाजूंना एक शिस्त घालून दिली. सगळ्या मुद्द्यांवर एकमत होईपर्यंत कोणत्याच मुद्द्यावर करार झाला असं धरायचं नाही. त्यामुळे मदतीचा एखादा तुकडा वेगळा काढून त्यावर झगडा पेटवायची सोय राहिली नाही. फेब्रुवारीत गामनं स्वातंत्र्याची मागणी बाजूला ठेवून स्वशासनाची भाषा स्वीकारली. खरं वळण ते होतं. पुढच्या पाच महिन्यांत स्थानिक पक्षांचा हक्क, तेल आणि वायूच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा, माफी, शस्त्रं आणि सैन्य अशी एकेक गाठ सुटत गेली.

मदतीचं टेबल जाकार्तात आणि बांदा आचेत होतं. एप्रिल २००५ मध्ये सरकारनं पुनर्वसन आणि पुनर्बांधणीसाठी स्वतंत्र संस्था उभारली, तिची मुदत चार वर्षं ठरवली आणि प्रमुख म्हणून कुन्तोरो मंगकुसुब्रोतो यांना नेमलं. सचोटीसाठी ओळखला जाणारा हा माजी मंत्री. शंभराहून अधिक परदेशी संस्था आचेत उतरल्या होत्या आणि प्रत्येकीला आपल्या फलकाची शाळा हवी होती. कुन्तोरोंनी प्रत्येक प्रकल्पाचा प्रस्ताव आपल्या संस्थेकडून मंजूर करून घेण्याचा नियम केला. १५ देणगीदारांचे सुमारे ६५५ दशलक्ष डॉलर एका सामायिक निधीत आले. जागतिक बँक व्यवस्थापक, युरोपीय आयोग सर्वांत मोठा दाता, आणि सुकाणू समितीत कुन्तोरोंची संस्था सहअध्यक्ष. चार वर्षांत १ लाख ४० हजार घरं उभी राहिली. काही घरांचं लाकूड कच्चं निघालं, काही घरं परत पाडावी लागली, हेही खरं आहे.

या निधीत गामला वाटेकरी म्हणून खुर्ची नव्हती, आणि ती असावी असा आग्रहही कोणी धरला नाही. गामची खुर्ची हेलसिंकीत होती. मात्र तह झाल्यावर दोन्ही बाजू एकमेकींत मिसळू लागल्या. २००३ मध्ये वाटाघाटी करताना अटक झालेले गामचे तेऊकू कमरुझ्झमान माफीनंतर तुरुंगातून सुटले आणि कुन्तोरोंच्या संस्थेत सचिवालयाचे प्रमुख झाले. ज्यांना दहशतवादी ठरवून डांबलं होतं ते सरकारी पुनर्बांधणीच्या फायली पाहू लागले. श्रीलंकेच्या कराराला जे साधायचं होतं तेच हे, फक्त इथे तह आधी झालेला होता.

आणि तह पाळला जातो की नाही हे पाहणारे लोक वेगळे होते. युरोपीय संघ आणि आग्नेय आशियातल्या पाच देशांचं निरीक्षक पथक सप्टेंबर २००५ मध्ये पीटर फेथ यांच्या नेतृत्वाखाली आलं. गामची ८४० शस्त्रं चार टप्प्यांत कापून नष्ट झाली आणि प्रत्येक टप्प्याबरोबर सैन्याच्या तुकड्या जहाजांतून परत गेल्या. आकडे आधीच कागदावर असल्यामुळे फसवणूक लपवायला जागा नव्हती. श्रीलंकेतल्या नॉर्डिक निरीक्षकांना शस्त्रसंधीचे भंग मोजता येत होते, थांबवण्याचा अधिकार नव्हता. २००६ मध्ये युरोपीय संघानं लिट्टेवर बंदी घातल्यावर लिट्टेनं संघातल्या देशांचे निरीक्षक जायला सांगितले, आणि तीन देशांची माणसं निघून गेली.

*

आचेत तह आणि मदत वेगळी ठेवल्याचा फायदा झाला, तशी त्याची किंमतही मोजावी लागली. ती किंमत मोजली डोंगरातल्या लोकांनी. बनेर मरिया, आचे तेंगाह, आतल्या पिदीची गावं. तिथे समुद्र पोचला नव्हता, सैन्य पोचलं होतं. घरं जळाली होती, माणसं नाहीशी झाली होती. पण त्सुनामीचा पैसा त्सुनामीग्रस्तांसाठीच, असा देणगीदारांचा नियम होता. किनाऱ्यावर घराला पक्का सांगाडा मिळत असताना वीस-तीस मैल आत त्याच प्रांतातल्या विधवेला काहीच मिळत नव्हतं. संघर्षग्रस्तांसाठी २००६ मध्ये वेगळं पुनर्मीलन मंडळ स्थापन झालं, त्याच्या हाती पैसा कमी आणि दबाव जास्त होता. जागतिक बँकेच्या ग्रामविकास यंत्रणेतून १,७०० हून अधिक गावांना सुमारे २ कोटी डॉलर थेट मिळाले आणि ते गावसभेनं वाटले. नंतरच्या पाहणीत लोकांची आर्थिक स्थिती सुधारलेली दिसली. माजी बंडखोरांविषयी गावाच्या मनातली अढी मात्र सुटलेली दिसली नाही. २००९ च्या एका संयुक्त आढाव्यानं संघर्षाचं आर्थिक नुकसान त्सुनामीच्या सुमारे दुप्पट असल्याचं मांडलं. देणगीदारांचे पैसे मात्र त्याच्या उलट वाटले गेले होते.

श्रीलंकेत त्या सुमारास मदत करणाऱ्यांच्याच जिवावर बेतलं. ४ ऑगस्ट २००६ रोजी त्रिंकोमाली जिल्ह्यातल्या मुत्तूर गावात एका फ्रेंच संस्थेच्या १७ स्थानिक कर्मचाऱ्यांना त्यांच्या कार्यालयाच्या आवारातच गोळ्या घातल्या गेल्या. ते तिथे त्सुनामीग्रस्तांसाठी पाणी आणि स्वच्छतेचं काम करत होते. त्यांतले जवळजवळ सगळे तमिळ होते. नॉर्डिक निरीक्षक पथकानं सरकारी सैन्याकडे बोट दाखवलं, सरकारनं ते नाकारलं, आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. मला वाटतं, देणगीदारांच्या समन्वयाची सगळी चर्चा या सतरा माणसांपासून सुरू व्हायला हवी. शिखर परिषदांत सह्या करणारे परत विमानात बसतात, आणि गावात राहणारा स्थानिक कर्मचारी दोन्ही बाजूंच्या संशयाखाली काम करत राहतो.

जानेवारी २००८ मध्ये शस्त्रसंधी औपचारिकरीत्या संपवण्यात आली. एप्रिल २००९ मध्ये आचेतल्या पुनर्बांधणी संस्थेची मुदत ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली आणि तिनं कार्यालय बंद केलं. पुढच्याच महिन्यात मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर, त्सुनामीनं धुऊन नेलेल्या त्याच पट्टीत कोंडलेल्या लाखभराहून अधिक माणसांवर तोफगोळे पडत राहिले आणि श्रीलंकेचं युद्ध संपलं.

*

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये सगाइंगजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. मांडले कोसळलं, तीन हजारांहून अधिक माणसं मेली. देश तेव्हा लष्करी राजवट, समांतर सरकार आणि डझनभर सशस्त्र गटांत वाटला गेलेला होता. समांतर सरकारनं लढाई थांबवल्याचं जाहीर केलं, उत्तरेतल्या बंडखोर गटांच्या आघाडीनं केलं, शेवटी २ एप्रिलला लष्करानंही केलं. हवाई हल्ले तरी होतच राहिले, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं नोंदवलं. भारतानं ‘ऑपरेशन ब्रह्मा’खाली मांडलेत लष्करी रुग्णालय उभं केलं. ते राजधानीच्या परवानगीनं आणि राजधानीच्या ताब्यातल्या भागात उभं होतं, दुसरा मार्गही नव्हता. सगाइंगच्या ज्या गावांवर लष्कराचा ताबा नव्हता, तिथे सीमेपलीकडच्या आणि गावातल्या छोट्या गटांनी काम केलं. देणगीदारांना पैसा त्यांच्यापर्यंत पोचवायची सोपी वाट सापडली नाही, कारण कोणाची सही चालेल हा प्रश्न पुन्हा तसाच समोर होता. आणि मांडलेत हेलसिंकीसारखं दुसरं टेबल कोणी मांडलेलं नव्हतं.

आचेतही टेबलं पुन्हा मांडायची वेळ येणार आहे. हेलसिंकी करारात सत्य आणि सलोखा आयोगाचं वचन होतं; आयोग प्रत्यक्षात आला ११ वर्षांनी, २०१६ मध्ये. जून २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो पिदी जिल्ह्यातल्या रुमोह गदोंग इथे आले. लष्करानं नव्वदच्या दशकात छळछावणी म्हणून वापरलेल्या वाड्याची ती जागा. तिथून त्यांनी देशातल्या जुन्या अत्याचारांच्या बळींना भरपाई देण्याची योजना सुरू केली. भेटीच्या आधी वाड्याचे उरलेसुरले अवशेष पाडून टाकण्यात आले होते, आणि भरपाईच्या योजनेत गुन्हेगारांवर खटल्याची तरतूद नव्हती. देणगीदार तर दशकापूर्वीच परतले होते. आचेच्या विशेष स्वायत्ततेचा निधी २००८ साली सुरू झाला तेव्हा कायद्यात त्याची मुदत २०२७ पर्यंत लिहिली होती. प्रांताच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग अजून त्यावर चालतो, आणि डोंगरातल्या गावांच्या बऱ्याच दाव्यांचा निकाल लागायचा राहिला आहे.